कामावरची शाळा : टपालपेटीपासून संगणकापर्यंत

मनुष्याने धंदा कोठे शिकावा, हा प्रश्न शाळांहूनही जुना आहे. लोहाराचा मुलगा भात्यापाशी शिकला, सुताराचा रंध्यापाशी आणि विणकराचा मागापाशी. शिकणे आणि काम करणे यांच्यामध्ये तेव्हा भिंत नव्हती. मुंबईच्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हाही कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण प्रथम आपल्या नातलगाच्या अथवा गाववाल्याच्या साच्यापाशी उभा राही, बदली म्हणून हजेरी लावी, आणि जॉबरची मर्जी सांभाळीत हळूहळू काम उचली. ह्या पद्धतीला आपल्याकडे उमेदवारी हे सुंदर नाव आहे. तिच्यात उमेद आहे, तशीच वाट पाहणेही आहे.

उमेदवारीचे गुण पुष्कळ. पण तिचे दोषही उघड आहेत. उस्ताद एक आणि शिकणारे फार झाले म्हणजे ती पुरी पडत नाही. उस्तादाला जे ठाऊक नाही ते शिष्याला कधीच कळत नाही, आणि जे ठाऊक आहे तेही तो सर्वच सांगतो असे नाही. यंत्रे दर दहा वर्षांनी बदलू लागली, कायदे दर वर्षी होऊ लागले, तेव्हा ह्या संथ वाटेने कारखान्यांचे व कचेऱ्यांचे भागेना. आज कंपन्यांतील सेवक संगणकापुढे अथवा हातातील फोनवर जे धडे घेतात, ज्यांस ई-लर्निंग म्हणतात, ते ह्याच अडचणीवरचे सर्वांत अलीकडचे उत्तर होय. ते एकाएकी आकाशातून पडलेले नाही. त्याच्यामागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासात लाभही आहे आणि फसगतही आहे, म्हणून तो पाहण्याजोगा आहे.

ह्या कथेचा आरंभ टपालाच्या एका पेनीपासून होतो. १० जानेवारी १८४० रोजी इंग्लंडात सर्व देशभर एकच दर लागू झाला. अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र, मग ते शेजारच्या गावी जावो की शेकडो मैलांवर, एका पेनीत पोहोचू लागले. आयझॅक पिटमन हा शाळामास्तर तीन वर्षांपूर्वीच, १८३७ साली, आपली लघुलेखनाची पद्धती छापून मोकळा झाला होता. त्याने ह्या स्वस्त टपालाचा उपयोग ओळखला. लघुलिपीचे नियम लहानशा पत्रकावर छापून तो पाठवी. शिकणारे घरी बसून उतारे लघुलिपीत लिहीत आणि टपालाने परत धाडीत. चुका दुरुस्त होऊन ते कागद पुन्हा त्यांच्या हाती येत. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, पिटमनच्या योजनेतील मर्म छापील धड्यात नव्हते. धडे तर पुस्तकातही असतात. मर्म होते ते दुरुस्त होऊन परत येणाऱ्या कागदात. विद्यार्थी चुकला हे कोणीतरी दुसऱ्या टोकाला पाहिले आणि त्याला कळविले, ही त्या पद्धतीची खरी नवलाई होती. पुढे हीच लघुलिपी साऱ्या ब्रिटिश साम्राज्यातील कचेऱ्यांत रूढ झाली, आणि मुंबई-पुण्याच्या कित्येक मध्यमवर्गीय तरुणांची पहिली नोकरी तिच्याच जोरावर लागली.

टपालाने शिकविण्याची ही कल्पना धंद्यात शिरली ती मात्र एका भीषण अपघाताच्या पोटी. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीच्या काठी ॲव्हनडेल येथे कोळशाची खाण होती. तिला आतबाहेर जाण्यास एकच विहीर होती, आणि त्या विहिरीच्या तोंडावर लाकडी इमारत बांधलेली होती. ६ सप्टेंबर १८६९ रोजी आगीने ती इमारत पेटली, एकुलती एक वाट बंद झाली, आणि खाली काम करणारे १०८ जण व त्यांस वाचविण्यास उतरलेले दोघे असे ११० जीव गुदमरून मेले. दुसऱ्याच वर्षी राज्याने खाणींच्या सुरक्षिततेचा कायदा केला. पुढे १८८५ च्या कायद्याने खाणीतील मुकादमांवर परीक्षा देण्याचे बंधन आले. हवा कशी खेळवावी, विषारी वायू कसा ओळखावा, पाणी कसे उपसावे, हे आता नुसत्या अनुभवाने भागणारे राहिले नाही. ते कागदावर सिद्ध करून दाखविणे भाग झाले.

पण जे लहानपणापासून खाणीत राबले, ज्यांची शाळा दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत सुटली, त्यांनी ही परीक्षा द्यावी कशी? टॉमस फॉस्टर नावाचा एक संपादक खाणकामाविषयीचे नियतकालिक चालवीत असे. त्याने आपल्या पत्रात खाणकामगारांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे सदर उघडले. प्रश्न इतके येऊ लागले की सदर अपुरे पडले, आणि १८९१ साली स्क्रँटन शहरात त्याने कोळशाच्या खाणीविषयीचा टपाली अभ्यासक्रम सुरू केला. ह्या संस्थेचे नाव पुढे इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स असे झाले. तिच्या धड्यांची घडण पाहण्यासारखी होती. विद्यार्थ्याला काहीच येत नाही असे गृहीत धरून धडा बेरीज-वजाबाकीपासून सुरू होई. प्रत्येक पुस्तिका लहान असे. एकीतील प्रश्न सोडवून पाठविल्यावाचून दुसरी मिळत नसे. आणि ज्याला जेवढी सवड तेवढा त्याचा वेग. रात्रपाळीचा कामगार दुपारी शिके, दिवसपाळीचा रात्री. आज संगणकावरील धड्यांची जी वैशिष्ट्ये म्हणून सांगितली जातात, म्हणजे धड्याचे लहान तुकडे, तुकड्यामागे चाचणी आणि आपापला वेग, ती सर्व ह्या पुस्तिकांत सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अवतरली होती.

संस्थेचा विस्तार नवल वाटावे इतक्या झपाट्याने झाला. खाणकामापाठोपाठ वाफेची इंजिने, वीज, रेखन, रेल्वेचे ब्रेक असे एकामागून एक विषय निघाले. १९०६ च्या सुमारास, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत, नोंदणीचा आकडा नऊ लाखांच्या घरात गेला. रेल्वे कंपन्यांनी आपल्या नोकरांसाठी ह्या संस्थेशी करार केले. कारण उघड होते. इंजिनवाला आगगाडी सोडून कॉलेजात बसू शकत नाही, आणि बसला तर गाडी थांबते. पुढे १९२५ साली स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढणारा वॉल्टर क्रायस्लर हा तरुणपणी रेल्वेच्या कर्मशाळेत काम करीत करीत ह्याच संस्थेचे धडे गिरवीत होता. कामगाराला वर चढण्यास एक शिडी मिळाली, आणि मालकाला घरच्या घरी कसबी माणूस मिळाला. दोघांचाही लाभ एकाच कागदात होता.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. नाव नोंदविणाऱ्यांपैकी फार थोडे अखेरपर्यंत पोहोचत. बहुतेकांचा उत्साह पहिल्या काही पुस्तिकांतच विरून जाई. दिवसभराच्या श्रमाने थकलेला माणूस एकटा, दिव्याच्या उजेडात, कोणी सोबती नाही, कोणी विचारणारा नाही, अशा स्थितीत किती काळ टिकणार? आणि येथेच धंद्याचा एक अवघड पेच होता. फी हप्त्याने घेतली जाई, ती गोळा करण्यास गावोगाव फिरते विक्रेते असत, आणि अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा खर्च वाचत असे. ज्या शाळेचा नफा विद्यार्थ्याच्या यशावर नव्हे तर नुसत्या नावनोंदणीवर अवलंबून राहतो, तिला विद्यार्थी टिकविण्याची तळमळ कोठून येणार? १९२६ साली अमेरिकेत टपाली शाळांची जी पाहणी प्रसिद्ध झाली तिने ह्या दुखण्यावर बोट ठेवले. हे दुखणे टपालाबरोबर संपले नाही, हे पुढे दिसून येईल.

ह्याच सुमारास शिक्षणाची दुसरी एक वाट निघाली होती. ती अक्षरांची नव्हती, यंत्राच्या नकलेची होती. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक ह्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. त्या वाद्यांत हवेचे भाते असत. लिंकला विमान चालविण्याचा नाद होता. पण शिकणे महाग होते आणि चूक प्राणाशी गाठ घालणारी होती. त्याने वाद्यांतील भात्यांचा उपयोग करून १९२९ साली एक ठेंगणे, जमिनीवरच झुकणारे व वळणारे विमान तयार केले. आरंभी लोकांना ते जत्रेतील खेळण्यासारखे वाटले, आणि करमणुकीच्या बागांतच त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर विमानी टपाल वाहण्याचे काम एकाएकी येऊन पडले. रात्री, धुक्यात, केवळ उपकरणांकडे पाहून विमान हाकण्याचा त्यांस सराव नव्हता. काही आठवड्यांतच डझनभर माणसे दगावली. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे दहा हजार यंत्रे वापरात येऊन लाखो वैमानिक त्यांवर तयार झाले. जेथे चुकीची किंमत अपार असते तेथे ती चूक खोट्या विमानात करू देणे हाच काटकसरीचा मार्ग, हा धडा धंद्याने तेथे घेतला.

महायुद्धाने आणखी एक गोष्ट शिकविली. कारखान्यांतील जाणती माणसे सैन्यात गेली, आणि नव्या माणसांना थोड्या दिवसांत कामास लावणे प्राप्त झाले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जहाजबांधणीच्या कारखान्यांसाठी चार्ल्स ॲलन ह्याने शिकविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : मनाची तयारी करणे, काम दाखवून समजाविणे, शिकणाऱ्याकडून ते करवून घेणे, आणि शेवटी तपासणे. १९४० साली अमेरिकन सरकारने कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाचा जो मोठा उपक्रम आरंभिला त्याचा पाया हाच होता. १९४५ पर्यंत साडेसोळा हजार कारखान्यांतील सोळा लाखांहून अधिक मुकादम व पर्यवेक्षक ह्या उपक्रमातून गेले. ह्यात एकही नवे यंत्र नव्हते. कामगाराला न जमले तर शिकविणाऱ्याने शिकविले नाही असे समजावे, ही त्यातील भूमिका होती. ही भूमिका कोणत्याही यंत्राहून अधिक क्रांतिकारक होय. कारण तिने अपयशाचा भार शिकणाऱ्याच्या माथ्यावरून काढून शिकविणाऱ्याच्या माथ्यावर ठेवला.

महाराष्ट्राचा ह्या इतिहासात स्वतःचा असा एक वाटा आहे, आणि तो आकाशवाणीने मिळवून दिला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी रेडिओ-मंडळांचा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या त्या वेळच्या पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत मंडळे स्थापन झाली. शेती, आरोग्य, शिक्षण, गावकीचा कारभार अशा विषयांवर वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, तो संपल्यावर त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि उरलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुन्हा रेडिओवरून मिळत. शेती हाही एक धंदाच आहे, आणि हा त्या धंद्यातील प्रौढ माणसांच्या शिक्षणाचाच प्रयोग होता.

त्याची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तपासणीची रीत चोख होती. काही गावांत रेडिओ व मंडळ दोन्ही होती, काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काहींत रेडिओही नव्हता. प्रयोगापूर्वी व नंतर लोकांचे ज्ञान तपासले गेले. निष्कर्ष असा निघाला की, मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठळक होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. आवाज तोच, वक्ते तेच, विषय तेच. पण जेथे दहा-वीस माणसे ऐकून मग बोलली तेथे शिक्षण झाले. स्क्रँटनचा एकाकी विद्यार्थी अर्ध्या वाटेवर का थांबत होता, ह्याचे उत्तर पुणे परिसरातील ह्या चावड्यांनी दिले असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

दरम्यान, शिक्षकाचे काम यंत्राने करावे ह्या खटपटीतही काही पंडित होते. ओहायो स्टेट विद्यापीठातील सिडनी प्रेसी ह्याने १९२० नंतरच्या दशकात एक लहान यंत्र केले. त्याच्या खिडकीत प्रश्न दिसे, चार कळांपैकी एक दाबावयाची, आणि उत्तर बरोबर असेल तरच पुढचा प्रश्न येई. १९५४ च्या सुमारास हार्वर्डच्या बी. एफ. स्किनर ह्याने आपले शिकविणारे यंत्र पुढे आणले. उत्तर चुकले की बरोबर हे विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी नव्हे, तत्क्षणी कळले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. पिटमनचा कागद टपालाने परत येण्यास दिवस लागत. स्किनरने ती मुदत क्षणावर आणली.

१९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर ह्याने संगणकावरून शिकविण्याची ‘प्लेटो’ नावाची योजना सुरू केली. एका मोठ्या संगणकाला तारांनी जोडलेले पडदे, आणि प्रत्येक पडद्यापुढे एक विद्यार्थी, अशी ही रचना होती. पुढे कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन ह्या कंपनीने ती व्यापारी तत्त्वावर चालविण्यास घेतली आणि तीत विपुल भांडवल घातले. शाळांना ती परवडली नाही. परंतु जेथे प्रशिक्षण न मिळाल्याचा तोटा मोठा होता अशा उद्योगांनी तिचा उपयोग केला. प्लेटोच्या इतिहासातील एक प्रसंग सूचक आहे. १९७३ साली डेव्हिड वूली ह्या तरुणाने वापरणाऱ्यांस एकमेकांना टिपणे लिहिता यावीत अशी सोय तीत केली. ती मूळ धड्यांइतकीच, किंबहुना त्यांहूनही अधिक, लोकप्रिय झाली. यंत्रापुढे एकेकटे बसविलेल्या माणसांनी संधी मिळताच पुन्हा मंडळ जमविले, असाच ह्याचा अर्थ होय.

प्रशिक्षणातील उणिवेची किंमत जगाला पुन्हा एकदा मोजावी लागली ती त्याच पेन्सिल्व्हेनिया राज्यात आणि त्याच सस्क्वेहाना नदीवर. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड ह्या अणुवीज केंद्रात एक झडप उघडी राहून गेली. नियंत्रण-कक्षातील माणसांना उपकरणांवरून खरी स्थिती उमगली नाही, आणि भट्टी थंड ठेवणारे पाणीच त्यांनी कमी केले. भट्टीचा गाभा बऱ्याच अंशी वितळला. अध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी मंडळाने इतर कारणांबरोबरच कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातील दोष स्पष्ट शब्दांत दाखविले. त्यानंतर नियंत्रण-कक्षाच्या हुबेहूब प्रतिकृती उभारून त्यांवर नियमित सराव देण्याची प्रथा दृढ झाली. ॲव्हनडेलनंतर मुकादमाला पुस्तक मिळाले. थ्री माइल आयलंडनंतर नियंत्रकाला प्रतिकृती मिळाली. दोन्ही वेळा शिक्षणाचा खर्च अपघातानंतर मंजूर झाला, ही खेदाची गोष्ट आहे.

घरोघरी व कचेरीकचेरीत लहान संगणक आले तेव्हा धडे तबकड्यांवर निघू लागले. पण एका कंपनीच्या यंत्रावरील धडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालेना. विमान कंपन्यांना ही अडचण सर्वांत आधी भोवली. कारण निरनिराळ्या कारखान्यांची विमाने घेतली की प्रत्येकाचे शिकविण्याचे यंत्र वेगळे. म्हणून विमान उद्योगाने १९८८ साली एक समिती नेमून समान नियम ठरविण्यास आरंभ केला. पुढे अमेरिकन संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० साली ‘स्कॉर्म’ नावाची नियमावली निघाली. धडा कोणीही लिहावा, तो कोणत्याही व्यवस्थेत चालावा, आणि कोण किती शिकला ह्याची नोंद राहावी, हे तिचे सार. रेल्वेच्या रुळांचे अंतर सर्वत्र एक झाल्यावर व्यापाराला जसा वेग येतो, तसाच वेग इंटरनेट व ही नियमावली यांच्या योगाने ह्या व्यवसायाला आला. ई-लर्निंग हा शब्दही ह्याच काळात रूढ झाला.

ह्यात व्यापारी लाभ नेमका कोठे आहे, हे हिशेबाने पाहावे. वर्गात शिकविण्याचा खर्च माणसागणिक वाढतो : शिक्षक, जागा, प्रवास, मुक्काम, आणि कामावरील गैरहजेरी. संगणकावरील धड्याचा खर्च मुख्यतः आरंभीच होतो. एकदा धडा तयार झाला की दहावा शिकणारा आणि दहा हजारावा शिकणारा यांच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून ज्या संस्थेची माणसे थोडी आहेत आणि काम वरचेवर बदलते तिला हा सौदा महाग पडतो. जिची माणसे पुष्कळ आणि विखुरलेली आहेत तिला तो स्वस्त पडतो. भारत सरकारच्या मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ ही योजना मंजूर केली तेव्हा सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१० कोटी ८६ लाख रुपये खर्च अपेक्षिला होता. भागाकार केला तर पाच वर्षांत दर माणशी सुमारे अकराशे रुपये होतात. एवढ्या पैशात एका कर्मचाऱ्याला रेल्वेने परगावी पाठवून दोन दिवस ठेवणेही अवघड. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, महामारीच्या संकटात, आरोग्यसेवकांना व इतर आघाडीच्या कामगारांना ह्याच जातीच्या व्यवस्थेवरून शिकविणे भाग पडले होते. कारण वर्ग भरविणे हेच तेव्हा धोक्याचे झाले होते.

भारताला ही वाट सर्वस्वी नवी नव्हती. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला, त्यात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि नोकरी करीत शिकणाऱ्या मराठी माणसाला विद्यापीठाचे दार उघडले. साधने बदलत गेली. शिकणारा मात्र तोच राहिला : दिवसा कामावर असणारा, संध्याकाळी संसार पाहणारा, आणि उरलेल्या तासात वर चढण्याची उमेद बाळगणारा.

तथापि स्वस्त पडले म्हणजे लाभ झाला असे नव्हे. १९५९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्याने प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्याला ते आवडले का, तो काही शिकला का, कामावर त्याची वागणूक बदलली का, आणि अखेर धंद्याला फळ मिळाले का. बहुतेक संस्था पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात, कारण तेवढे मोजणे सोपे असते. किती जणांनी धडा उघडला आणि किती जणांनी शेवटची कळ दाबली, ह्याचे आकडे यंत्र आपोआप देते. पण कळ दाबणे म्हणजे शिकणे नव्हे. वरिष्ठांचा हुकूम आला म्हणून सेवकाने एका हाताने चहा घेत दुसऱ्या हाताने पाने पुढे ढकलली, आणि त्याच्या नावापुढे प्रमाणपत्र लागले, तर कंपनीला कागद मिळाला, कसब मिळाले नाही. स्क्रँटनच्या काळी नावनोंदणीला यश मानण्याची जी चूक झाली, तीच येथे नव्या वेषात पुन्हा येते. शिवाय घरबसल्या शिकण्याची सोय म्हणजे कामगाराच्या विश्रांतीच्या तासांवर मालकाचा हक्क असा अर्थ कोणी करू लागला, तर त्या सोयीचे ओझे होण्यास वेळ लागत नाही. धंद्यासाठी जे शिकावयाचे ते धंद्याच्या वेळात शिकू द्यावे, हे न्यायाचे आहे आणि अनुभवान्ती फायद्याचेही आहे.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने संगणकीय शिक्षणाविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २०१० साली जो अहवाल काढला, त्याचा कौल येथे सांगण्याजोगा आहे. केवळ संगणकावरचे शिक्षण वर्गातील शिक्षणाहून फारसे पुढे नव्हते. पण संगणक आणि प्रत्यक्ष शिक्षक यांचा मेळ घातला तेथे फळ अधिक चांगले दिसले. मात्र तेथे विद्यार्थ्यांनी अभ्यासास वेळही अधिक दिला होता, त्यामुळे श्रेय एकट्या साधनाला देता येत नाही, हेही त्या अहवालाने प्रामाणिकपणे बजावले. १९५६ साली पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत जे दिसले तेच अर्धशतकानंतर मोठ्या आकड्यांत पुन्हा दिसले.

तेव्हा ज्या मालकाला किंवा अधिकाऱ्याला आपल्या माणसांसाठी ही पद्धत स्वीकारावयाची आहे त्याने यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी काही साधे प्रश्न स्वतःस विचारावेत. माझा सेवक चुकला तर त्याला कोण सांगणार आणि किती लवकर? त्याला शंका आली तर ती कोणाला विचारावयाची? शिकलेले हातून करून पाहण्यास त्याला जागा व वेळ आहे काय? आणि तो मागे पडला तर दोष त्याचा मानावयाचा की शिकविण्याच्या पद्धतीचा? ह्या प्रश्नांना उत्तरे असतील तर साधा टपाली कागदही शिक्षक होतो; नसतील तर सर्वांत महाग संगणक हा केवळ प्रकाशित फळा ठरतो.

उमेदवारीच्या काळी उस्ताद शिष्याशेजारी उभा असे. तो त्याचा हात धरी, चुकला तर रागावे, जमले तर पाठ थोपटी. टपाल, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक ह्यांनी उस्तादाचे ज्ञान दूरदूर नेले. त्याचे शेजारपण मात्र त्यांस आपोआप नेता आले नाही. ते नेण्याची जबाबदारी अजून माणसांवरच आहे. जी संस्था ही जबाबदारी ओळखते तिचा प्रशिक्षणावरील खर्च व्याजासह वसूल होतो, आणि जी ती यंत्रावर ढकलून मोकळी होते तिच्या पदरी प्रमाणपत्रांची चळत तेवढी पडते.